बांबोळीच्या बाकावर अर्धं राहिलेलं बोलणं

पुता,

तुझं नाव मुद्दामच घातलेलं नाही. हे पत्र पोस्टानेही येणार नाही. तुमच्या घरी आलेलं पाकीट आधी कोण फोडतं ते तूच सांगितलं होतंस. औषधाच्या पुढच्या तारखेला हातात देईन. आपण दोघं बोलतो कोंकणीत, पण चार ओळी लिहायच्या म्हटल्या की माझा हात मराठीकडेच वळतो. डिचोलीच्या मराठी शाळेत मास्तरांनी छड्या मारून वळवलेला हात आहे तो. भाषा जरा ताठ वाटली तर चालवून घे.

परवा बांबोळीच्या इस्पितळातल्या बाकावर तू दोन प्रश्न विचारलेस आणि तेवढ्यात तुझा नंबर पुकारला. पहिला, "काका, रिपोर्टात व्हायरस सापडलाच नाही, म्हणजे आता गोळी बंद ना?" दुसरा इतक्या हळू विचारलास की तो मला तुझ्या ओठांवरून कळला. "माझ्यामुळे तिला होणार?"

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो, कारण झोप त्यानेच उडवलीय. नाही होणार. तुझ्या रिपोर्टवर जे लिहिलंय ते तसंच राहिलं तर शरीरसंबंधातून तुझा एचआयव्ही तिला, तुझ्या होणाऱ्या बायकोला, होणार नाही. सहसा नाही, बहुतेक नाही, असलं काही मी म्हणत नाहीये.

आणि पहिल्याचं उत्तर असं, की गोळी बंद केलीस तर वरचं उत्तर रद्द.

रिपोर्टवर तुझ्या 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलंय. आम्ही जुने लोक त्याला नुसतं टीएनडी म्हणतो. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते व्हायरल लोड सांगतो. औषध नसेल तर हा आकडा लाखाच्याही वर जातो. तुझ्या रक्तात तो मशीनला सापडेल इतकासुद्धा उरला नाही. पण गेलाय का? मी वीस वर्षं टिपर चालवला, म्हणून मला खाणीवरूनच समजतं. २०१२ साली आपल्या गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. साखळीच्या रस्त्यावर एक ट्रक दिसेना, झाडांच्या पानांवरची लाल धूळ पहिल्या पावसात धुऊन गेली. म्हणून जमिनीखालचं खनिज संपलं का? ते होतं तिथेच राहिलं. परवाना मिळाला की ट्रक पुन्हा धावतात. तसा हा विषाणू काही पेशींमध्ये झोपून राहतो, तिथे गोळीचं काही चालत नाही. गोळी करते काय, तर त्याला नव्या प्रती काढू देत नाही. ती थांबली की बहुतेकांच्या अंगात काही आठवड्यांत तो पुन्हा वर येतो, आणि मग तू टीएनडी राहत नाहीस. अंगावर काही जाणवतही नाही, हे त्यातलं वाईट.

आता माझं सांगतो. हे मी बाकावर सांगितलं नसतं.

मला २००६ मध्ये कळलं. खोकला जाईना म्हणून टीबी तपासला, टीबी निघाला, मग ही तपासणी. सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, ११२. बायकोची चाचणी निगेटिव्ह आली. तिने कागद दोनदा वाचला आणि घडी करून पोलक्यात ठेवला. त्या वेळी सीडी फोर २०० च्या खाली गेला की औषध मिळायचं, त्यामुळे मला लगेच लागू झालं. दिवसाला दोनदा गोळ्या. त्यातल्या एकीने माझे गाल असे आत गेले की धक्क्यावरची पोरं मला 'बोंबील' म्हणायची. पुढे औषधाची अट ३५० वर गेली, मग ५०० वर, आणि २०१७ पासून सीडी फोर कितीही असो, कळलं की औषध सुरू. तुला कळल्यापासून आठवड्यात गोळी मिळाली ना, ती त्यामुळे. तुझी ती एक गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, तीन औषधं एकात. तू वेर्ण्याच्या औषध कंपनीत दिवसाला हजारो गोळ्या पॅक करतोस आणि रात्री ही एक कापसात लपवलेली काढून खातोस, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

औषध सुरू झालं आणि मी घराच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, झोपायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. माझा ग्लास वेगळा, साबण वेगळा, दाढीचं सामान मोरीच्या वरच्या खिळ्याला. ग्लासाने होत नाही, साबणाने होत नाही, हे पहिल्याच दिवशी समुपदेशक बाईंनी समजावलं होतं, मला कळलंही होतं. तरी केलं. धाकटा पोर एकदा माझ्या ग्लासातून पाणी प्यायला तर मी त्याच्या हातावर फटका मारला. तो चार वर्षांचा होता. तो फटका का मारला ते त्याला आजही मी सांगितलेलं नाही.

असं बारा वर्षं.

आणि या बारा वर्षांत बाहेर काय चाललं होतं बघ. नऊ देशांत १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास चालू होता. एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी जोडपी. अगदी आमच्यासारखी. त्यातली काही पुण्याची होती, भोसरीच्या नारी संस्थेत नोंदलेली. पुणे इथून रात्रीच्या बसने एका झोपेचं अंतर. २०११ मध्ये निकाल आला. ज्यांना औषध लवकर दिलं त्यांच्याकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी. पुढे जास्त वर्षं पाहिल्यावर हेही दिसलं, की विषाणू दाबला गेलेला असताना कोणाकडूनही त्याच्या जोडीदाराला लागण झालेली नाही. मग युरोपातला अभ्यास, २०१६ चा. ८८८ जोडपी, कंडोमशिवायचे सुमारे ५८,००० संबंध, पॉझिटिव्ह जोडीदाराकडून आलेल्या लागणी शून्य. २०१९ मध्ये फक्त पुरुष-पुरुष जोडप्यांचा पुढचा निकाल आला, तिथेही शून्य. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच लिहिलं, की ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही आणि जो औषध नेमाने घेतो, त्याच्याकडून लैंगिक जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य. जगभर याला 'यू बरोबर यू' म्हणतात. अनडिटेक्टेबल म्हणजे अनट्रान्समिटेबल. सापडत नाही तो पसरत नाही.

पुण्यातल्या त्या जोडप्यांमुळे जगाला २०११ मध्ये कळलं आणि मी २०१८ पर्यंत सोप्यावर. पावसाळ्यात सोप्यावर किती डास असतात तुला माहीत आहे.

मला कसं कळलं, तर एका प्रशिक्षणात. खाणी बंद झाल्यावर मी आउटरीचचं, म्हणजे लोकांत जाऊन एचआयव्हीची माहिती द्यायचं, काम धरलं होतं. चहाच्या आधी एका डॉक्टरीणबाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं आणि पुढची स्लाइड लावली. मी उभा राहिलो. म्हटलं, बाई, हे पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मी मला आजवर भेटलेल्या एका समुपदेशकाला गाठून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, "माहीत होतं, पण सांगितलं की तुम्ही लोक कंडोम सोडता."

तुम्ही लोक! त्याची सगळीच चूक होती असं मी आता म्हणत नाही. २०१८ च्या आधी आपल्याकडे व्हायरल लोड सरसकट होतच नव्हता. सीडी फोर बघायचे, औषध लागू पडत नाही असा संशय आला तरच पुढची तपासणी. आकडाच हातात नसेल तर कशाच्या जोरावर सांगणार? तेवढं मी मान्य करतो. पण अर्धं तरी सांगायचं होतं. गोळी तुम्हाला वाचवते एवढंच आम्हाला सांगत राहिले. ती घरच्या माणसालाही वाचवते हे कळलं असतं तर सुरुवातीला मी ज्या गोळ्या चुकवल्या त्यातली एकही चुकवली नसती. माणूस स्वतःसाठी आळस करतो रे, बायकोसाठी करत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा ही आदोळीवर नारळ किसत होती. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं, टक्क्यांसकट. ती किसतच राहिली. करवंटी पांढरी संपून काळी दिसायला लागली तरी हात थांबेना. मग म्हणाली, "बारा वर्षं उशिरा कळवलं त्यांनी. दुसरा नारळ फोडून द्या." मी फोडून दिला. पुढच्या महिन्यात माझं रक्त घेतलं, रिपोर्ट यायला वेळ लागला, टीएनडी आला. ती रात्री माझी चटई गुंडाळून आत घेऊन गेली. याहून जास्त मी लिहिणार नाही. तू माझ्या पोराच्या वयाचा आहेस.

आता पथ्याचं. एकच रोज, पण ती रोजच. तुझी शिफ्ट बदलते, म्हणून शिफ्टप्रमाणे वेळ बदलत बसू नकोस. घरी असो की कंपनीत, तुला जमेल अशी एक वेळ धर. फोनवर गजर लाव आणि त्याला 'पाणी' असं नाव दे, कोणी विचारणार नाही. तुझी आई तुला अशक्तपणासाठी कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी देते म्हणालास. ती आपल्या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेऊ नकोस, डोल्युटेग्रॅव्हिर अंगात कमी शोषलं जातं. जेवणाबरोबर दोन्ही चालतात. नाहीतर आपली आधी आणि दोन तासांनी ती. ती आधी घेतली गेली तर आपली सहा तासांनी. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे हे तासच पाळायचे. आणि कधी टीबीचं औषध सुरू झालं तर आपल्या डॉक्टरला आधी सांग, त्या दिवसांत आपल्या गोळीचा डोस बदलावा लागतो.

डबीत तू कापूस कोंबतोस, खुळखुळ होऊ नये म्हणून. सगळेच कोंबतात. मीही कोंबायचो. पण एकाचं सांगतो. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळी बांधायची गडबड, खोलीत एकटं राहायलाच मिळेना. डबी बॅगेत, बॅग माळ्यावर. पाच दिवस गोळी नाही. मग लाज वाटली म्हणून तारखेलाही गेला नाही, असे दोन महिने. पुढच्या व्हायरल लोडमध्ये आकडा हजारांत. पुन्हा बसवला गाडा, आता ठीक आहे, पण त्याच्या बायकोने ते महिने कसे काढले ते मी बघितलंय. सणाच्या आधी पाच-सहा गोळ्या पाकिटात वेगळ्या काढून ठेव. बडीशेपेच्या छोट्या डबीतही राहतात, फक्त ओल लागू देऊ नकोस.

टीएनडी काय करत नाही तेही ऐक. गरमी, परमा असले गुप्तरोग, कावीळ बी, यातलं काही ते अडवत नाही. दिवस राहणंही अडवत नाही. त्यासाठी कंडोम आहेच. सुई-सिरिंज वाटून घेण्याला हा शून्य लागू नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचं गणितही थोडं निराळं आहे, धोका फार कमी होतो पण शून्य म्हणत नाहीत. तुला ते लागू नाही. तुझं औषध सुरू होऊन आठ महिने झाले आणि हा पहिलाच रिपोर्ट. बाराव्या महिन्यात दुसरा होईल, मग वर्षाला एक. लग्न मे महिन्यात म्हणतोस, म्हणजे दुसरा त्याआधी हातात येतो. तोवर कंडोम ठेव. शास्त्रासाठी म्हणत नाही, तुझ्या मनाला सवय होऊ दे म्हणून म्हणतो. वर्षाची तपासणी राहिली असेल तर गप्प बसू नकोस, खिडकीवर विचार, "माझा व्हायरल लोड कधी घेणार?" हे वाक्य आपल्यातले फार थोडे विचारतात. बाकावर शेजारी बसलेल्या दहा जणांना विचारून बघ तुझा आकडा किती, आठ जण सीडी फोर सांगतील.

लग्नाचं. करता येतं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात आपल्या लोकांच्या लग्नाच्या हक्काविषयी फार कडक शब्द वापरले होते, २००२ मध्ये कोर्टानेच ते बोलायची गरज नव्हती असं सांगितलं. मुलंही होतात. बाळाला होतो तो आईकडून, आणि ती निगेटिव्हच राहणार. लग्नाआधी चाचणी सक्तीची करायचा विषय आपल्या गोवा सरकारने २०१९ मध्ये पुन्हा काढला होता. मला तो कधीच पटला नाही. ती चाचणी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच सांगणार. टीएनडी आहे की नाही, गोळी रोज खातो की नाही, हे कुठली सक्ती सांगणार?

पण तिला सांग. २०१७ चा कायदा, २०१८ पासून लागू झालेला, तुझ्या बाजूचा आहे. न विचारता चाचणी करू शकत नाहीत, तुझी गोष्ट दुसऱ्याला सांगू शकत नाहीत, नोकरीवरून काढू शकत नाहीत. त्याच कायद्यात तुझ्यावरही एक जबाबदारी आहे, की दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून योग्य ती काळजी घ्यायची, आणि त्यात आधी सांगणं हाही एक मार्ग लिहिलाय. टीएनडी असलेल्या माणसाने सांगावं की नाही यावर शिकलेले लोक वाद घालतात. माझं मत साधं आहे. रजिस्ट्रारसमोर आपल्याकडे दोनदा सही करावी लागते. पहिल्या सहीच्या आधी सांग. शून्य धोका आहे म्हणून सांगायची गरज नाही, असं मनाला समजवू नकोस. ती घाबरेल ती रोगाला थोडी आणि तू लपवलंस याला जास्त. घरी सांगू नकोस, फोनवर तर नकोच. बांबोळीला घेऊन ये, समुपदेशक बाईंसमोर रिपोर्ट ठेव, तिला स्वतः वाचू दे. तिला विचारायचं ते विचारू दे, तू मध्ये बोलू नकोस. तिला चाचणी करायची असली तर करू दे. निगेटिव्ह माणसाने घ्यायची प्रेप नावाची गोळीही असते, तुझा टीएनडी टिकला तर तिची गरज नाही, पण तिला धीर येत असेल तर डॉक्टरला विचारा. आणि ती नको म्हणाली तर तो तिचा हक्क. गावाला सांगायची मात्र काही गरज नाही. तुझ्या काकाला, मास्तराला, देवळातल्या महाजनांना, कोणालाच नाही.

सांगण्याच्या भीतीचं मला कळतं. १९८९ मध्ये मी सोळा वर्षांचा होतो. डॉमिनिक डिसोझा म्हणून एक तरुण होता, नेमाने रक्तदान करणारा. त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि तेव्हाच्या गोव्याच्या कायद्याने पोलिसांनी त्याला उचलून म्हापशाच्या जुन्या क्षय रुग्णालयात डांबला. ६४ दिवस. आईने हायकोर्ट गाठलं तेव्हा सुटला, पण ते कलम कोर्टाने उचलून धरलंच. आमच्या घरी पेपर यायचा. बापाने बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाला, बरं केलं. मीही मान हलवली. सतरा वर्षांनी माझा कागद हातात आला तेव्हा मला रोगाच्या आधी ती हललेली मान आठवली. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' उभी केली, तुला-मला मिळतं त्यातलं बरंच त्याने आणि त्याच्यासारख्यांनी भांडून मिळवलंय. तो आज असता तर एका गोळीवर टीएनडी असता, हे मनात येतं आणि मी बाकावरून उठून जरा फिरून येतो.

तुला घाईचं काही वाटलं आणि मी नसलो तर १०९७ वर फोन कर, फुकट आहे, नाव विचारत नाहीत.

पुढच्या तारखेला मी नेहमीच्या कदंब बसनेच येईन, साडेनऊपर्यंत बाकावर असेन. तुझं औषधाचं बुक विसरू नकोस, गेल्या खेपेला विसरून तास घालवलास. आणि तिला घेऊन आलास तर बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला बसा. पंखा तिथेच लागतो.

तुझा,
बाकावरचा काका